सर्फबोर्डवर मोकळे पाय

रविवार, दिवेलागण. कुंभारवाडा

मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून पाण्यावरून धावायचा खेळ शिकतोय, कारवारच्या समुद्रात आज पुन्हा तोंडावर आपटलो. चूक तीच. वर पतंगानं ओढ घेतली की मी पतंगाच्या दोऱ्या बांधलेला हातातला दांडा छातीशी ओढतो, बैलांचा कासरा ओढावा तसा. बैल थांबतात, पतंग उलट दुप्पट जोर धरतो! कळतं सगळं, पण जित्याची खोड.

शिकवणारी पुतणी मंगल वैतागली. "काका, हा सर्फबोर्ड सोडा आता. दोन्ही टोकं सारखी असलेली, कुठल्याबी बाजूनं पळणारी फळी घ्या. पाय पट्ट्यांत बसतात, वळताना बदलायला लागत न्हाईत. समदे त्याच्यावरच शिकतात."

"भाताच्या चिखलणीला बैलांमागं फळीवर उभा राहायचो, तवा पाय बांधले होते व्हय?"

"ते बैल होते. हे वारं हाय! एकदाच बघा, न्हाई जमलं तर पट्ट्यांची फळी."

बरोबरच बोलली पोर. पण पाय बांधून घ्यायचे? या वयात? छे!

या खेपेला ओढ लागताच दांडा सैल सोडला. कासरा, तो कासराच डोक्यातून काढायचा होता. पतंग निवळला, बोर्ड सरळ निघाला. वळताना मागचा पाय पुढं आणला आणि धप्प!

"पडलाच की काका!"

"पडलो, पण पाय बदलून पडलो. फळी हीच राहणार."