गाडीतले अंथरूण

मी, कौसल्या धोंडीराम म्हमाणे, वय वर्षे चोवीस, बी. ए., धंदा शिक्षिकेचा, मूळ गाव वळसंग, सध्या राहणार सोलापूर, हैद्राबाद रस्त्यालगत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता आणि कोणी न दटावता लिहिते. माझी बुद्धी जागेवर आहे. दोष आहे तो हृदयाच्या झडपेत. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्याने ती अरुंद झाली. येत्या आठवड्यात मिरजेला तिचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, होईल बरे. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, म्हणून हा कागद.

कलम १. माझ्या साड्या आईने, म्हणजे सौ. मुक्ताबाईंनी, नेसाव्यात. ट्रंकेत घड्या घालून ठेवू नयेत. पुस्तके शाळेला द्यावीत. पदवीच्या झग्यातला फोटो भिंतीवर आहे तिथेच राहू द्यावा, पण त्याला हार घालू नये. आमच्या घरात शिकून बाहेर पडलेली मी पहिली. हार घातलेला फोटो बघून शेजारच्या मुलींना वाटेल की शिकले की असे होते.

कलम २. माझे पितळी तपेले गोजरआत्याला द्यावे. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिचे आणि माझे जमले नाही. मी न्हाव्याच्या दुकानातले वर्तमानपत्र मागून आणून वाचत असे, तेव्हा ती म्हणाली होती, "पोरीच्या जातीला एवढं वाचून काय कलेक्टर व्हायचंय व्हय?" मी कलेक्टर झाले नाही, त्यामुळे तिचा जीव थंड झाला असेल. तरी तपेले तिलाच. दुष्काळात स्वतः उपाशी राहून तिने मला त्यातून पेज पाजली आहे.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता. माझ्या नावावर एकच मोठी वस्तू आहे. लष्कराच्या लिलावात घेतलेला, जीपमागे जोडायचा दोन चाकी ट्रेलर. घरी आम्ही त्याला नुसते 'गाडी' म्हणतो. कॉलेजात असताना एका परदेशी मासिकात मी मोटारीमागे जोडलेल्या घराचे चित्र पाहिले आणि अण्णांना सांगितले. अण्णा ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधतात. त्यांनी हातातला खडू कानावर ठेवला आणि म्हणाले, "घराला चाकं? मग कौसे, उंबरा कुटं बसवायचा?" पण दुसऱ्याच दिवशी ते मापे घेत होते.

गाडीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या बिजागरीवर बाहेर उघडतात आणि दोन पलंग होतात. वर जाड कॅनव्हासचे छत. मागची फळी खाली सोडली की स्टोव्ह ठेवायला ओटा होतो. पहिल्यांदा आम्ही रेवणप्पांच्या जीपला गाडी जोडून हिप्परग्याच्या तळ्यावर मुक्कामाला गेलो. रेवणप्पा आमचे शेजारी. तळ्यावर जीप सोडवून बाजूला लावली, मागची फळी उघडली आणि आत्या हौसेने तिच्यावर मांडी घालून पिठले ढवळायला बसली. जीपचा आधार सुटल्यावर दोन चाकांची गाडी मागे कलंडणार हे आम्हा कोणाच्याही ध्यानात आले नाही. आत्या, पिठले आणि उलथणे एकदमच गवतात. "मला उलथायला आनलंस व्हय रं धोंड्या? घरात काय जागा नव्हती?" रेवणप्पा हसून हसून खाली बसले. अण्णांनी नंतर लोखंडी टेकू केले. त्यांना आम्ही 'आत्याचे टेकू' म्हणतो. ते लावल्याशिवाय मागची फळी कोणीही उघडू नये. हीदेखील या मृत्युपत्राची अट समजावी.

कलम ४. ही गाडी मी माझ्या पश्चात आई आणि अण्णा यांना मिळून देते. ती मोडू नये, जाळू नये, ओढ्याकाठी सोडून येऊ नये. हे का लिहावे लागते ते सांगते.

माझ्या पाठीवर भीमा झाला होता. अण्णांनी त्याच्यासाठी शिसवीचा छोटा पलंग केला, कठड्यावर रांगेने राघू कोरले. भीमा तापाने गेला. आमच्यात माणूस ज्या अंथरुणावर दुखण्याने पडून असते ते अंथरूण घरात ठेवत नाहीत, बाजेसकट बाहेर काढतात. आत्याने तसे सांगितले आणि अण्णांनी तो पलंग स्वतःच्या डोक्यावर घेऊन वळसंगच्या शिवेबाहेर नेऊन ठेवला. त्यानंतर त्यांनी लोकांचे ट्रक बांधले, पण घरासाठी साधा पाटसुद्धा केला नाही. घरासाठी त्यांचा हात पुन्हा चालला तो या गाडीपासून.

दुखणे वाढल्यावर मी अंगणात, गाडीतच झोपत असे. तिथे वारा लागतो. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी आत्या आईला चुलीपाशी म्हणाली, "पोरगी त्या गाडीतच निजती. उद्या काय बरंवाईट झालं तर ती दारात ठिवता येनार न्हाय, मुक्ते. आत्ताच सांगून ठिवते." अण्णा त्या वेळी गाडीत फळी तासत होते. आतला रंध्याचा आवाज थांबला.

त्या दिवसापासून मी गाडीत झोपलेली नाही.

कलम ५. हे कलम अण्णांसाठी आहे. ते कोणी तरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

अण्णा, मी तुम्हाला सांगितले की कॅनव्हासच्या वासाने दम लागतो. ते खोटे होते. तुम्ही जुने कॅनव्हास काढून नवे आणले, उन्हात धुऊन वाळवून बसवले. मी म्हटले, डास चावतात. तुम्ही दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या केल्या. मी म्हटले, आडवे झाले की छातीवर दडपण येते. तुम्ही छताच्या कमानी उंच केल्या, उशाकडची फळी उचलून खाचेत अडकेल अशी केली, म्हणजे मला टेकून झोपता यावे. दर खेपेला तुम्ही कॅनव्हास बाजूला धरून म्हणायचात, "आता बघ की एकदा निजून." मी म्हणायचे, उद्या बघू. तुम्ही आईला म्हणालात, "मला आता जमंना गं तिच्या मनासारकं." अण्णा, सगळे मनासारखेच जमले आहे. खिडकी उघडली की थेट अंगणातल्या चिंचेचा शेंडा दिसतो, हे मी बाहेर उभी राहून, वाकून पाहिले आहे. आत अंग टाकायची इतकी इच्छा मला आयुष्यात कशाची झाली नाही. पण मी तिथे पडले असते तर तुम्हाला आणखी एक पलंग डोक्यावर घेऊन जावा लागला असता.

म्हणून मी येथे प्रतिज्ञेवर लिहिते की दसऱ्यापासून आजपर्यंत माझे दुखणे मी घरातल्या सुताच्या बाजेवर काढले आहे. बाहेर काढायचे अंथरूण ते. आत्या, हे तुझ्याच नियमाने बरोबर आहे. बाज खुशाल ने. गाडीला हात लावायचा तुला हक्क नाही.

कलम ६. श्री. एकनाथ हे आमच्या शाळेत चित्रकला शिकवतात. आमचा साखरपुडा झाला होता. झडपेचे आणि मूल होणे मला धोक्याचे असल्याचे कळल्यावर त्यांच्या आई येऊन माझा हात धरून रडल्या आणि म्हणाल्या, "तू लई गुनाची हाईस, पोरी. पन मला घरात पाळणा हलाया पायजे." मी लग्न मोडले. मीच मोडले, त्यांनी नाही, हे सर्वांनी ध्यानात घ्यावे. ते अजून रविवारी येतात आणि गाडीच्या चाकांत हवा भरून जातात. मागच्या फळीवर त्यांनी तळ्यातले दोन बगळे रंगवले आहेत. दोघांच्या मध्ये गाडीच्या नावासाठी जागा कोरी ठेवली आहे. नाव लग्नानंतर घालायचे ठरले होते. त्या जागी माझे नाव घालू नये. 'स्मृती' हा शब्द तर मुळीच नको. त्यांनी लग्न करावे आणि गाडी मागितली तर अण्णांनी ती त्यांना मुक्कामासाठी आनंदाने द्यावी. गाडीतला कंदील मी त्यांना देते. हे कलम लिहिताना शाई पसरली आहे, पण वाचता येते म्हणून पुन्हा लिहीत नाही.

कलम ७. दर हिवाळ्यात शाळेतल्या मुलींना गाडीबरोबर तळ्यावर एक रात्र मुक्कामाला न्यावे. आमच्या मुली बहुतेक विणकरांच्या. मागच्या वेळी एक जण म्हणाली, "बाई, हितं मागाचा आवाजच न्हाय. झोप कशी येनार?" सकाळी तिलाच हलवून उठवावे लागले. आपले घर सोडून आणखीही कुठे झोप लागते, एवढे मुलीला कळले तर ती पुढे पुष्कळ लांब जाऊ शकते असे मला वाटते. आईनेही जावे. तिने तळे अजून पाहिलेले नाही. दर वेळी ती घर राखायला मागे राहिली.

कलम ८. अण्णांनी या कागदावर साक्ष करू नये. ज्याला मिळायचे त्याची साक्ष चालत नाही असे वकिलांनी सांगितले आहे. शिवाय मी मिरजेला जाईपर्यंत हा त्यांना वाचून दाखवू नये. गेल्यावर लगेच दाखवावा.

कलम ९. मी बरी होऊन परत आले तर हा कागद रद्द समजावा आणि चुलीत घालावा. साक्षीदार रेवणप्पा यांना मी एवढेच सांगून ठेवले आहे की तसे झाले तर मला घेऊन येताना जीप फाटकाशी थांबवावी आणि आधी हॉर्न द्यावा. हॉर्न ऐकला की, अण्णा, गाडीची चिंचेकडची फळी उघडा, उशाकडची बाजू वरच्या खाचेत अडकवा आणि अंथरूण घाला. मी घरात न शिरता आधी तिथे जाणार आहे. मला कोणी उठवू नये.

लिहून देणार : कौसल्या धोंडीराम म्हमाणे

वरील सही कौसल्याबाईंनी आम्हा दोघांच्या समोर शुद्धीवर असताना केली आणि त्यांच्या समोर आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १ : रेवणप्पा, जीपवाले, शेजारी
साक्षीदार २ : नागम्मा, विडी कामगार, शेजारी (अंगठा नाही. सही बाईंनीच शिकवलेली आहे.)

ठिकाण : सोलापूर
तारीख : ९ फेब्रुवारी १९७४