जुना जावा मीच काढला

१४ जुलै २००९, मंगळवार
मच्छीमार सोसायटीत गेलो. कॉम्प्युटरचं मशीन हळू. बघतो तर आत जावा नावाचे दोन प्रोग्रॅम, एक जुना, एक नवा. एका कामाला दोन कशाला? जुना काढून टाकला. दोन मिनिटं. आमची ऑपरेटर सुलभा असती तर तासभर शिकवत बसली असती. ती बाळंतपणाला माहेरी, वेंगुर्ल्याला.

१५ जुलै
खलाशांची यादी उघडत नाही. नावं, फोटो सगळं त्यात. इंग्रजीत चौकट येते, ओके दाबलं की जाते. अकरा वेळा दाबलं.
बाबी दारात. यंदा त्याची पहिलीच स्वतःची होडी, चार खलाशी. खलाशांची ओळखपत्रं नाहीत तर होडी पाण्यात नाही. यादीवरून फॉर्म मशीनवरच भरून ३१पर्यंत मत्स्य ऑफिसला गेले पाहिजेत.
"तात्यानू, आमचा झाला?"
"होतला रे. डोक्यार उबो रव नको."

२० जुलै
कसालहून दुरुस्तीवाला. त्याने तिसराच जावा टाकला. आता यादी नाही ती नाहीच, ऑफिसचा फॉर्मपण उघडेना. म्हणतो, काका, सगळं पुसून नव्याने टाकूया. म्हटलं, आणि फोटो? चहा पाजून एसटीत बसवला.

२२ जुलै
कमिटीत भाऊ म्हणतो, "कौल लावूया. खंयचो जावा ठेवचो ता देवाकच विचारूया." मस्करी नव्हती. उठून आलो.
काढला कोणी, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२५ जुलै
वेंगुर्ल्याला. रिकाम्या हाती कसं जायचं, सुके बांगडे नेले. मुलगी झालीय. बातमी पोचलेली; मी बसायच्या आधीच सुलभाने विचारलं, "जुनो तुमीच काढल्यात मां?"
हो म्हटलं.
"तात्यानू, तुमच्या होडयेत जाळी किती?"
"तीन. बांगड्याचा येगळा, सुरमयचा येगळा..."
"मगे सुरमयचा नवा हाडल्यात म्हणान बांगड्याचा फेकून दिल्यात काय?"
तिची आई आत हसली.
यादी जुन्यावर चालते, फॉर्म नव्यावर. दोन्ही ठेवायचे. जुन्याची सीडी दिली, वहीत पायऱ्या लिहून दिल्या. स्क्रीनवर खाली उजवीकडे 'नवीन करू का' विचारील, हो म्हणायचं नाही. खाली दोन रेघा.

२८ जुलै
तिसरा काढला, सीडीवरून जुना परत टाकला. यादी उघडली. बाबीचे चौघेही जागेवर, एकाचे डोळे मिटलेले. चालेल. छापून घेतली. पण फॉर्म काही उघडेना. सुलभाला फोन. मागे बाळ रडतंय.
"मशीनीक सांगूक होया, आता खंयचो घेवचो. सातवी पायरी वाचल्यात?"
वाचली नव्हती.

३० जुलै
सातवी केली. फॉर्म उघडला. बाबीला सांगून टाकलं, जुना मी काढलेला.
"म्हायत आसा. तुमी सोडून त्या मशीनीक हात कोण लावता?"
पंधरा दिवस माहीत होतं आणि बोलला नाही.
तिघांचं भरून झालं. चौथ्याला चौकट आली, 'नवीन करू का'वालीच, पण खाली कोपऱ्यात नाही, फॉर्म झाकून. दोन बटणं, दोन्ही इंग्रजी. ह्यात 'नको' कुठलं ते वहीत नाही. सुलभा फोन उचलत नाही, बाळाला निजवत असेल. चौघांचं एकदमच जातं, तिघांचं घेत नाहीत. उद्या ३१.
जेवायला घरी आलोय. बाबी मशीनसमोर बसलाय, चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून हात मांडीखाली.