न झालेल्या मुलाखतीचे आभार

ती. स्व. ऑर्वाआत्या हिला लव्हर्नचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात गुडघ्यापुढे तू बाकी कुणाची खबरच दिली नाहीस.) इकडे मिनेसोटात बर्फ कंबरेला लागलाय, पण तुझा भाचा आज हवेत आहे. आत्या, मला नोकरी लागली! शाळेच्या सगळ्या बसगाड्यांचा मुख्य व्यवस्थापक! मार्लिसच्या भावाच्या फार्मवर टर्कीची पिसं उपटायला जायचं टळलं एकदाचं. (मेल्याने माझ्या मापाचे गमबूटसुद्धा आणून ठेवले होते.)

आता कसं झालं ते ऐक. मुलाखतीनंतर आभाराचं कार्ड गेलं नाही तर आपल्यात माणूस रानटी ठरतो, आणि उशिरा गेलं तर आळशी. आमच्या टपालाचा काही भरवसा नाही, म्हणून मी शहाणपणा केला आणि कार्डं मुलाखतीच्या आदल्या दिवशीच टाकली. मुख्याध्यापक स्कोगेनना लिहिलं, की तुमच्या माशाच्या गोष्टीने हसून पुरेवाट झाली. (बर्फाला भोक पाडून मासे धरत नाही असा साहेब या जिल्ह्यात दाखव मला.) त्यांच्या सेक्रेटरी मिसेस प्रीबिलना लिहिलं, की तुमच्या कॉफीची चव अजून जिभेवर आहे. आणि मुलाखतीच्या सकाळी असं वादळ आलं म्हणून सांगू! माझी गाडी वाटेतच खड्ड्यात कलंडली, फोन बंद, मुलाखत बुडाली. टपालवाला मात्र नेमका त्याच दिवशी कर्तव्याला जागला! मार्लिस म्हणाली, "घाल आता ते गमबूट!" खरं सांगतो, मला रडू आलं.

पण आपली माणसं किती सभ्य! त्या गोंधळात कोण आलं, कोण अडकलं, कोणाशी फोनवर बोलणं झालं, कशाला काही मेळ नव्हता. इतकं गोड कार्ड पाठवणाऱ्याला "तुम्ही आठवत नाही" असं कोण म्हणणार? स्कोगेनना वाटलं आपणच विसरलो. प्रीबिलबाईंनी तर शंकाच घेतली नाही. त्यांच्या कॉफीला जन्मात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. एकमेकांना विचारणं म्हणजे आगाऊपणा. काल साहेबांचा फोन आला, "काय मजा आली हो त्या दिवशी! पण मी नेमकी कुठली गोष्ट सांगितली?" मी म्हटलं, "तो निसटलेला मासा, साहेब." "अरे, तीच तर माझी सगळ्यात भारी!" म्हणाले, आणि सोमवारी रुजू व्हा म्हणाले. आत्या, मी स्वयंपाकघरात नाचलो गं!

तुझा भाचा,
लव्हर्न

ता. क. मार्लिस म्हणते आत्याला एवढं सगळं सांगू नकोस. पण तुझ्यापासून काय लपवायचं?

आणखी ता. क. खड्ड्यातली गाडी कामातून गेली. बसगाड्यांच्या व्यवस्थापकाने शाळेत पायी जाणं शोभत नाही. तेव्हा आतोबांच्या माघारी तुझ्या शेडमध्ये नुसता उभा असलेला तो निळा पिकअप तू मोठ्या मनाने मला दिलास, त्याबद्दलचं आभाराचं कार्ड तुला उद्या मिळेल. तुमच्या चर्चच्या पत्रकातही छापायला दिलंय. रविवारी सगळे तुझं कौतुक करायला येतील. किल्ल्या तेवढ्या शनिवारीच पाठव.