राजाची उडी

आबा, परवा मी बुद्धिबळाची स्पर्धा जिंकलो. तरुणपणी मास्टरचा किताब मिळाला तेव्हा तुम्ही शाहूपुरीतल्या आपल्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाइकांना पेढे वाटले होते. त्यानंतर एवढं मोठं काही हातून झालं नव्हतं. आता पासष्टीत नातवंडांच्या वयाच्या पोरांना हरवलं म्हणून गल्लीत फटाके वाजले. सूनबाईंनी करंडक टीव्हीशेजारी मांडलाय. तो दिसला की मी खुर्ची फिरवून बसतो.

शेवटच्या डावात समोर जयसिंगपूरची एक मुलगी होती. ऐन मोक्याच्या वेळी मी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला. "काका, राजा हाय तो!" ती हसली. पंचांनी चाल रद्द केली, तिला जादा वेळ दिला. हात लावला म्हणून राजाच हलवणं भाग होतं. नाइलाजानं एक घर सरकवला आणि त्याच घरावरून पुढं डाव माझ्या बाजूनं फिरला. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं नाटक करून पोरीला गंडवलं. मी हसून घेतलं.

देशी डावातली ती उडी तुम्हीच शिकवलेली. राजाला डावात एकदाच घोड्याची चाल. मग मला स्पर्धेला पाठवायचं ठरल्यावर पान्ह्यानं बोटांवर हाणून तीच सवय मोडलीत. "इसर ती. भाईर चालत न्हाय." मी विसरलो, तुम्हीही सोडलीत. म्हणून तुमच्या उतारवयात, एका रविवारी दुकानात तुम्ही राजा तसा उडवलात तेव्हा मला गंमत वाटली. "आबा, न्हाय चालत हे." "का न्हाय? एकदा उडी हाय की!" तुम्ही माझ्यावरच डाफरलात. त्या दिवसांत तुम्ही मला सारखे हरवत होता, इतकं सुरेख कधीच खेळला नव्हता. त्याच वर्षी दिवाळीला मी नोकरीच्या गावाहून घरी आलो, तर दारात उभं राहून म्हणालात, "या पावणं. कुणाकडं आलाय?" त्यानंतर तुम्ही मला ओळखलं नाहीत.

मला भीती वाटते, आबा. घरात त्या उडीचं खरं कारण कुणाला ठाऊक नाही. पुण्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलंय, मुलगा तिकीट काढतोय, मी हो म्हणतोय. डॉक्टरकडे जायचं मात्र ढकलतोय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. राजा उडवताना चुकतंय असं मला वाटलंच नाही. समोर ती मुलगी नव्हतीच. तुम्ही बसला होता, आणि चाल माझी होती.