दालन दोनमधली गावदेवी

६ मे, मंगळवार
संग्रहालयातल्या इंटर्नशिपचा दुसरा दिवस. काल नुसतं फिरवून दाखवलं, आज थेट दालनात उभं केलं. मेट्रोत घाटकोपर ते अंधेरी एकच विचार. कुणी काही विचारलं आणि मला आलंच नाही तर?
निहाल (दुसरा इंटर्न, मुलुंडचा) म्हणाला, "कोण विचारणारे यार? मे महिन्यात लोक एसी खायला येतात."
माझ्याकडे दालन दोन. उपनगरांतली जुनी गावं. जाळी, मडकी, नांगराचा फाळ, आणि कोपऱ्यात ओट्यावर एक काळा दगड. गुडघ्याएवढा. नाक-डोळे जवळजवळ झिजलेले. पाटीवर 'ग्रामदेवता (?), मरोळ परिसर.' एवढंच.
क्युरेटर गद्रे मॅडम (पुढे नुसतं ग.मॅ.) म्हणाल्या, महिनाअखेर दालन नव्याने मांडायचंय, पाट्या तू लिही. "हो मॅडम" म्हटलं. यांची शिफारस मिळाली तर एम.ए.चं जमेल. नाहीतर बाबांनी बँकेच्या परीक्षेचा क्लास बघून ठेवलाच आहे.
दुपारी एक आजी आल्या. नऊवारी, अंबाड्यात अबोली. इतर काही बघितलं नाही, सरळ दगडापुढे जाऊन पुटपुटत राहिल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "तू नवीन गं?" मी नवीन आहे हे लांबूनसुद्धा कळतं वाटतं.
वॉचमन म्हणाला, दर मंगळवारी येतात. तिकीट काढून.

८ मे
पाट्यांचे तीन कच्चे मसुदे ग.मॅ.नी परत केले. "भाषण नको. माहिती दे." दगडाची माहिती कुठेच नाही. इंडस्ट्रियल इस्टेट उभी राहिली तेव्हा शेतातून काढून इथे आणला, एवढंच ऑफिसात ठाऊक आहे. नख कुरतडून रक्त काढलं. आईने पाहिलं.

१३ मे, मंगळवार
आजी आल्या. द्वारकाबाई. मरोळ गावठाणातल्या. आज मीच धीर करून विचारलं, ही कोण?
"कोण म्हंजे? आई हाय ती आमची. गावदेवी."
मग घडाघडा सांगितलं. देवी बांधावर होती. पेरणीआधी तिला विचारायचं. पोर झालं की पायावर घालायचं. इस्टेटीसाठी जमीन गेली तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. एक दिवस माणसं टेम्पो घेऊन आली, म्हणाली नीट ठेवतो, फुटण्यापेक्षा बरी. "सासरा बोलला, न्या. मशीनखाली चिरडण्यापरीस न्या. रडत होता पण."
मी भराभरा मोबाइलवर टिपून घेत होते, त्यांच्या फोन नंबरसकट. मनात म्हटलं झकास, पाटीचं काम झालं. आणि तेवढ्यात त्यांनी कमरेच्या पिशवीतून तेलाची बाटली काढली. औषधाची असते तेवढी.
"नातीचं लगीन हाय. पहिलं आवतण हिला. कपाळाला तेल लावते, अक्षता ठेवते, झालं."
मी हात आडवा घातला. अक्षरशः. "आजी, नाही चालत. नियम आहे."
त्या रागावल्या नाहीत. बाटली परत ठेवली. "तुझं बरोबर हाय पोरी. तुला कामावरून काढतील."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ मे
ग.मॅ.ना विचारायचं ठरवून सकाळपासून तीनदा केबिनपर्यंत जाऊन परत आले. शेवटी निहालने ढकललं.
मॅडमनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "दगड सच्छिद्र आहे. तेल आत मुरतं, त्यावर धूळ बसते. आणि आज एकीला हो म्हटलं की उद्या नारळ येतील, परवा आरती. हे संग्रहालय आहे. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस."
त्यांचंही बरोबर. हाच तर त्रास आहे.
निहाल: "तू कशाला टेन्शन घेते? पाटी लिही, सर्टिफिकेट घे, निघ."

१६ मे, शुक्र.
जेवताना आईला सांगितलं. आई कुडाळची, मुंबईत इतकी वर्षं काढून अजून वर्षातून एकदा देवापुढे गाऱ्हाणं घालायला गावी जाते. मला वाटलं तिला पटेल.
आई म्हणाली, "खुळी काय गो तू? लोकांची देवी, लोकांचा नियम. तू मधी कित्याक? तुका तो कागद मिळूदे आधी."
मग भांडी घासता घासता, पाठमोरीच, "पण आवतण न देता लगीन करतली कशी ती बाई?"
झोप नाही नीट. मंगळवार यायलाच नको असं वाटतंय.

२० मे, मंगळवार
लिहू का नको. लिहिते.
दुपारी दालनात कुणी नव्हतं. द्वारकाबाई आल्या. आज पिशवीत पत्रिका, हळदीचं बोट लावलेली. मला दाखवली. नातीचं नाव प्राची. लग्न पुढच्या गुरुवारी. "एकपन पत्रिका वाटली नाय अजून. पोरगा वरडतो, पण हिच्या आधी कशी वाटू?"
माझं तोंड उघडलं होतं. नियम आहे, हे दोनच शब्द म्हणायचे होते. शेजारच्या दालनात कुणीतरी हसल्याचा आवाज आला आणि मी तिकडे वळून बघितलं. हसल्याचं निमित्त. मला माहीत होतं त्या काय करणार आहेत.
परत वळले तेव्हा त्यांची बोटं दगडाच्या कपाळावर होती. डोळे मिटलेले. अक्षता खाली पडू नयेत म्हणून दुसरा तळहात धरलेला. "आई, लगीन काढलंय, ये गं," असं काहीतरी. अक्षता वेचून पिशवीत घेतल्या, पदराने पुसायला गेल्या, पण तेल ते. पसरलंच.
जाताना माझ्या गालाला हात लावला. तेलकट.
वाट लागणार आता.

२१ मे
लागली. पण माझी नाही.
सकाळी ग.मॅ.ना डाग दिसला. कपाळभर चकाकणारा. शोभामावशी दालनाची झाडलोट करतात, कंत्राटावर. मॅडमनी त्यांना बोलावलं. "फर्निचरचं तेल लावलेल्या फडक्याने पुसलंत ना? किती वेळा सांगितलं?"
"मी हात बी नाय लावला मॅडम."
"मग आपोआप आलं?"
मी तिथेच. फुटपट्टी हातात घेऊन, पाटीच्या फ्रेमचं माप घेत. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तू असते ना इथे दिवसभर, तू सांग." मी म्हटलं, "मी… लक्ष नव्हतं माझं."
असं म्हटलं मी.
दुपारी कळलं, कंत्राटदाराला कळवणारेत, मावशींना बदलून मागतील.
डबा तसाच परत आणला.

२२ मे
सांगितलं.
निहाल म्हणत होता थांब, सीसीटीव्हीत त्या कोपऱ्यातलं दिसत नाही, मी पाहिलंय, कुणाला कळणार नाही. याचीच जास्त भीती वाटली. कळणारच नाही म्हणजे मावशी जाणार.
केबिनमध्ये उभी राहिले. हात मागे बांधले. सगळं एका दमात.
ग.मॅ.: "तू पाहिलंस?"
"हो."
"थांबवलं का नाहीस?"
इथे मला साळसूदपणा करता आला असता. घाबरले, कळलं नाही, वगैरे. तोंडातून आलं ते वेगळंच. "मला थांबवायचं नव्हतं मॅडम."
त्यांनी चष्मा काढून ठेवला. "शोभाला मी काल काय काय बोलले." उठून बाहेर गेल्या. पॅसेजमध्ये त्यांचा आवाज ऐकू येत होता, मावशींशी, पण शब्द कळले नाहीत. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "तू दालनात जायचं नाहीस. वर लायब्ररीत बस. शिफारशीचं मग बघू."
'मग बघू' म्हणजे नाहीच.
मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा हक्कच आहे.

२३ मे, शुक्र.
लायब्ररीत. पुस्तकांवर नंबर चिकटवतेय. खाली दगड साफ करायला तज्ज्ञ आला होता. जेवणाच्या सुट्टीत निहाल धावत वर आला. "ऐक ना. तो म्हणतो वरचं तेल निघालं. पण आत खोलवर जुनं तेल मुरलंय, शेंदूर पण. कित्येक पिढ्यांचं. ते काढायला गेलो तर चेहरा राहणार नाही."
"मॅडम काय म्हणाल्या?"
"दगडाकडे बघत उभ्या होत्या."
संध्याकाळी निघताना ग.मॅ.नी हाक मारली. "त्या बाईंचा नंबर आहे तुझ्याकडे? उद्या सकाळी मरोळला जाऊ. कुणाला बोलू नकोस." का, ते विचारायची सोय नव्हती. तक्रार करणार? घरी जाऊन झापणार त्यांना? त्यांच्या घरी लग्नघाई, आणि मी पोचवणार हे लचांड.

२४ मे, शनिवार
लचांड नव्हतं. काय होतं तेही नीट सांगता येत नाही.
फोन केला होता, म्हणून द्वारकाबाई गावठाणाच्या तोंडाशीच उभ्या. ग.मॅ. म्हणाल्या, "ती कुठे होती, ते दाखवाल?" आजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग चालायलाच लागल्या. इस्टेटीत शिरलो. गाळ्यांमागून गाळे, लेथचा खरखराट, पत्र्याचा वास. एका कारखान्याची मागची भिंत आणि विजेची पेटी यांच्या मधे अरुंद बोळ. आत सिमेंटचा चौथरा. त्यावर काही नाही.
झाडलेला. हळदकुंकू ओलं. एक ताजं जास्वंद.
मॅडम म्हणाल्या, "इथे आता कशाची पूजा करता?"
"जागेची. जागा तर हाय ना."
मॅडमनी पायातल्या चपला काढल्या, बोळाच्या तोंडाशी ठेवल्या आणि चौथऱ्यापर्यंत अनवाणी गेल्या. ऊन मी म्हणत होतं, फरशी तापलेली. हात जोडले नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.
"लग्न गुरुवारी ना?"
"व्हय."
"सोमवारी आमच्या ट्रस्टींची मीटिंग आहे. एक दिवसासाठी तरी तिला इथे आणता येईल का, विचारते. शब्द देत नाही हं."
आजी म्हणाल्या, "नको देऊस." आणि पत्रिका पुढे केली. पहिलं आवतण देवीला, दुसरी ही पत्रिका मॅडमच्या हातात.
परतताना साकीनाक्याला रिक्षा अडकली. मॅडम रिक्षाबाहेर बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "पाय भाजले गं." नंतर उतरताना, "सोमवारी तूही आत ये. काय पाहिलंस ते तू सांग. मी सांगितलं तर त्यांना अहवाल वाटेल."
ट्रस्टींपैकी एकालाही मी कधी पाहिलेलं नाही. म्हणतात, त्यातले दोघे फार कडक. 'थांबवायचं नव्हतं' हे त्यांच्यापुढे म्हणायचं का? शोभामावशी तिथे चहा द्यायला असतील.
आई विचारतेय, काय घालून जाणारेस. तेही ठरलेलं नाही.