वेताच्या खुर्चीतलं देखणं भूत

१२ फेब्रु., मंगळ.
टॉकीजच्या शेठचा निरोप. शुक्रवारी भुताचा सिनेमा लागतोय, जाहिरातीला गावातलंच एक भूत हवं, फोटो मोठा काढा. पोस्टरवरचा नट फार देखणा आहे. गुलाबकाका म्हणाले, "याले भूत काऊन केलं बे? याचं तर लगन लावाले पाहिजे." स्टुडिओ काकांचा, कॅमेरा माझ्याकडे. मोतीबिंदूमुळे त्यांना फोकस दिसत नाही.

शेठने प्रभाकरला पाठवलं. टॉकीजच्या दारात तिकिटं फाडतो, टांग्यात बसून कर्ण्यावर सिनेमा पुकारतो. घर पिंपळगाव राजाला, शेती. कपाळ रुंद, गालाची हाडं वर, डावी बाजू उजवीपेक्षा बरी. दिवा खालून दिला की डोळे खोल जातात. (कामापुरती नोंद.)

दोन निगेटिव्ह काचा. पहिली साधी, नुसता प्रकाश बघायला. मी "हलू नका" म्हणायच्या आत हसला, तसाच आला. दुसरी भुताची. मागे काळा पडदा, पांढऱ्या रंगाची वेताची खुर्ची. निम्मा वेळ तो खुर्चीत. मग लेन्सवर टोपी, तो बाजूला. उरलेला निम्मा वेळ रिकामी खुर्ची, त्याच काचेवर. फोटोग्राफीच्या संस्थेत शिकवलेली साधी युक्ती.
"बाई, मी उठल्यावर फोटोत काय राह्यते?"
निम्मे तुम्ही, म्हटलं.
"आन् बाकीचा निम्मा?"
मी खुर्ची उचलली. पुढचं गिऱ्हाईक आलं होतं.

१३ फेब्रु., बुध.
काच धुतली. चांगली आली. खरं लिहायचं तर आजवरची सगळ्यात चांगली. चेहरा पूर्ण आहे आणि छातीतून खुर्चीच्या पाठीच्या काड्या दिसतात. फासळ्यांसारख्या. हे मी ठरवलेलं नव्हतं.

बाबांना दाखवली. स्टेशनवरून ड्यूटी संपवून आले होते, टोपीही काढली नव्हती. "आपण धम्म घेतला तवा भूत-देव सगळं नदीत सोडलं. तू परत काऊन घेऊन आली?" म्हटलं, हे भूत नाही, दोन एक्स्पोजर आहेत. त्यांनी पुन्हा पाहिलं. "पोट्टा कोणाचा हाय?" एवढंच.

१५ फेब्रु., शुक्र.
सिनेमा लागला. फोटो आमच्या शो-केसमध्ये. प्र. पांढरं धोतर, डोळ्यांत काजळ, तोंडाला राख अशा थाटात टांग्यातून फिरला. बायका घाबरायचं सोडून रस्त्यावर आल्या. शो-केसपुढे दोघी:
"मायबाई, भूत असं असंल तं लागू दे मले!"
"तुह्या नवऱ्याले सांगू का?"
"सांग ना. त्याले पाहून तं भूतबी पळते."
आत बसून ऐकलं. हातातल्या फोटोवर रिटचिंगची रेघ एका ठिकाणी जाड झाली, खरवडून पुन्हा काढली.

१६ फेब्रु., शनि.
वितरकाचा माणूस भुसावळहून रिळांबरोबर आला आहे, सिनेमा उतरेपर्यंत मुक्काम इथेच. शो-केसपुढे बराच वेळ उभा. म्हणाला, मुंबईच्या त्यांच्या निर्मात्याला भुताच्या नव्या सिनेमासाठी नवा चेहरा पाहिजे. "साधे चेहरे खंडीभर येतात, बाई. असा येत नाही." एक तारखेला रिळं परत जातील, त्यांच्याबरोबर एक प्रिंट द्या.
प्र.ला सांगितलं. हातातली तिकिटं तशीच धरून उभा राहिला. मग, "बाई, मस्करी नाई ना करून राह्यल्या?" मी मस्करी करत नाही, हे त्याला अजून कळलेलं नाही.

१७ फेब्रु., रवि.
प्र.ची आई आली. वच्छलामावशी. बाजाराला आल्या होत्या, कोणीतरी हौसेने शो-केसपुढे आणून उभं केलं. हातातली पिशवी खाली पडली. आत येऊन मला एकच म्हणाल्या, "खुर्ची दिसून राह्यली त्याच्यातून."
युक्ती समजावली. टोपी, निम्मा वेळ, पुन्हा टोपी. ऐकून घेतलं.
"म्हंजे निम्मा पोरगा काढून घेतला ना तुम्ही?"
याला शास्त्रीय उत्तर आहे. मी त्यांची पिशवी बाहेरून आणून दिली.

१९ फेब्रु., मंगळ.
प्र. तापाने पडला. कालपासून. गावी नेला. शेठने कर्ण्यावर दुसरा माणूस बसवला, त्याचा आवाज फाटतो.
राख लावून उन्हात दिवसभर फिरला, टाकीचं पाणी प्यायला. ताप येण्याला कारण पुरेसं आहे.

२० फेब्रु., बुध.
टॉकीजचा ऑपरेटर सत्तार पिंपळगावला जाऊन आला. ताप उतरत नाही. आईने बाहेरचं बघणारा माणूस बोलावला, त्याने फोटोचंच नाव घेतलं. प्र.चा निरोप माझ्यासाठी: "आई येईन काच मागाले. देऊ नका. जपून ठेवजा. बरा झालो का मुंबईले जातो." सत्तारने निरोप सांगितला आणि जरा थांबला. मी मान हलवली, मग गेला.

२१ फेब्रु., गुरु.
नीट लिहायला हवं.
मावशी पहिल्या मोटारीने आल्या. शो-केसमधला फोटो काकांनी आपणहून काढून दिला, मावशींनी फाडला. मग म्हणाल्या, काच. तिच्यातूनच पुन्हा पुन्हा निघतो ना तो, ती फोडा माह्यासमोर.
मी दोन्ही काचा आणल्या. भुताची द्यायची नाही हे ठरलं नव्हतं, द्यायची हेही नाही. दोन्ही खिडकीशी उजेडात धरल्या. मावशींनी निगेटिव्ह कधी पाहिली नव्हती. साध्या काचेवर त्याचा चेहरा काळाठिक्कर, केस पांढरे, हसताना दिसलेले दात काळे. भुताच्या काचेवर तो फिका, पटकन दिसतही नाही.
त्यांनी साधीवर बोट ठेवलं. "हाच. हाच हाय तो."
निगेटिव्हमध्ये सगळेच असे दिसतात, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेवढं दिसतं.
मी ती फोडली. मावशींनी तुकडे पदरात बांधून नेले, वाहत्या पाण्यात सोडायला. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "पोरी, तुले पुण्य लागंल."

२३ फेब्रु., शनि.
ताप कमी आहे म्हणे. सत्तारने सांगितलं. प्र. पेज प्यायला.
काचेचा आणि तापाचा संबंध नाही. फोडलेली काच ती नव्हतीच, त्यामुळे संबंध असता तरी नसता. वाक्य दोनदा वाचलं, बरोबर आहे. तरी आज काम चांगलं झालं.

२५ फेब्रु., सोम.
ताप पुन्हा चढला, पहिल्यापेक्षा जास्त. बरळतो. खामगावच्या डॉक्टरकडे हलवलं. मावशी मोटार बदलायला इथे उतरल्या तेव्हा स्टुडिओत आल्या. बसल्या नाहीत.
"काच एकच होती ना, पोरी?"
म्हटलं, फोडली ती एकच.
त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला म्हणून गेल्या. नाहीतर काय बोलले असते, माहीत नाही.
बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील की बरं केलं, अंधश्रद्धेला खतपाणी नको. म्हणाले, "भूत नाई हे खरं हाय. पण ते माय हाय ना."

२७ फेब्रु., बुध.
त्याचे वडील आले. धोतराला खामगावची धूळ. डॉक्टर काय म्हणतात? "सुया देऊन राह्यले. पाहू म्हणते." मग बराच वेळ भिंतीवरचे फोटो बघत उभे राहिले. लग्नांचे, मुंजींचे.
"बाई, घरात त्याचा एकबी फोटो नाई. थो हासरा काढला होता म्हणे तुम्ही. प्रभाकर सांगे. थो मोठा करून द्या. छातीपासून वरचा, भिंतीवर लावाले."
छातीपासून वरचा मोठा फोटो आमच्याकडे लोक कधी मागतात ते काकांना आणि मला ठाऊक आहे. अशा वेळी काका चष्मा पुसतात आणि खाली गेल्याची कोणती तारीख घालायची ते विचारतात. आज चष्मा पुसला. तारीख विचारली नाही.
हसरी काच नदीत गेली, हे मी सांगू शकले नाही. शनिवारी या, म्हटलं.

२८ फेब्रु., गुरु.
भुताच्या काचेवरून दोन प्रिंट काढल्या.
एक रिळवाल्याला. उद्या सकाळच्या पॅसेंजरने रिळं जातात. देण्याआधी विचार केला. मावशींना मी फसवलं आहे, आता प्रिंट दिली तर ते कायमचं होईल. दिली नाही तर, तो परत येणार नाही असं मी धरून चालले, असं होईल. दिली.
त्याने विचारलं, "हिरो कुठंय? मुंबईला यायला तयार ना?"
म्हटलं, ताप आहे, उतरला की येतील. पुरावा नसताना असं ठाम मी कधी बोलत नाही. त्याने पाकिटावर नाव लिहून घेतलं, मी स्पेलिंग सांगितलं.
दुसरी प्रिंट टेबलावर आहे.

१ मार्च, शुक्र.
सिनेमा उतरला. टॉकीजवर नवं पोस्टर चढलं, देवाधर्माचं. सत्तार सायकलवरून खामगावला गेलाय, परतला नाही.
दिवसभर दुसऱ्या प्रिंटवर काम. हसरा चेहरा आणता येणार नाही, आहे तोच ठेवायचा. डोळ्यांखालच्या सावल्या उजळल्या. मग छाती. खुर्चीच्या काड्या एकेक करून बुजवायच्या, बारीक ब्रश, कोरडा हात, कडेकडून आत. सदऱ्याचा रंग जुळवायला वेळ गेला. काडी बुजली की त्या जागी तो भरून येतो. हे काम मी अशा मोठ्या किती फोटोंवर केलं असेल. त्यातला कोणीही अजून श्वास घेत नव्हता.
संध्याकाळी काका जवळ आले, फोटो नाकाशी धरला. "एक काडी राह्यली पोरी. मधातली."
म्हटलं, रंग वाळतोय.
"वाळला हाय. हात लावून पाह्यला मी."
 त्यांनी फोटो जागच्या जागी ठेवला, दिवा माझ्या बाजूला सरकवला आणि दुकानाची फळी लावायला गेले.
ब्रश धुऊन ठेवला आहे. एक काडी आहे तोवर फोटो अपुरा आहे, आणि अपुरा फोटो आम्ही कोणाला देत नाही, कोणी कितीही मागितला तरी.
सकाळी पहिल्या मोटारीने त्याचे वडील येतील.