नवव्या चालीला घरी परतलेला घोडा

मिस्त्री, तुमच्या हाताखाली मी लेथ शिकलो आणि बुद्धिबळही. त्यातली एक गोष्ट फार उशिरा समजली, ती तुम्हाला सांगायची आहे. आज सोमवार, उद्यमनगरातले सगळे कारखाने बंद. एरवी दिवसभर लेथची घरघर कानावर असते, तेवढीच सोबत. सुट्टीला तीही नसते. बायको गेल्यापासून मी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळतो. पांढऱ्याची चाल करायची, उठून पलीकडं जायचं, काळ्याची करायची. पलीकडं जाऊन बसलं की आधीची खुर्ची रिकामी दिसते.

तुम्ही पितळेच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून सोंगट्या केल्यात, तो आठवडा अजून डोळ्यांसमोर आहे. प्यादी, हत्ती, उंट, वजीर, सगळे लेथवर गोल फिरून तयार झाले. मी घोड्याचा तुकडा चकमध्ये धरला, तर तुम्ही मशीनच बंद केलंत. "आरं शाण्या, घोडं कधी गोल असतंय व्हय?" मग चारी घोडी कानशीनं घासलीत, जेवणाच्या सुट्टीत बसून. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आणि मग तो डाव. नव्वदच्या दशकातला, तुमचं कारखान्यातलं शेवटचं वर्ष. खोक्यावर पट मांडलेला, भोवती सगळे डबे घेऊन बसलेले. तुमच्याकडं काळ्या रंगवलेल्या सोंगट्या. वजिराच्या बाजूचा घोडा तुम्ही सुरुवातीलाच बाहेर काढलात, राजाला किल्ल्यात घातलंत, आणि नवव्या चालीला तोच घोडा उचलून होता त्या घरात परत ठेवलात. मी मांडीवर थाप मारून हसलो. "मिस्त्री, घोडं दमलं काय हो? वय झालं की तुमचं!" पॉलिशवाल्याला तर हसता हसता ठसका लागला. तुम्ही भाकरीचा घास तसाच हातात धरून म्हणालात, "हसून घे. पण ते उठल्यावर कुणाकुणाची वाट मोकळी झाली, ते बघ की जरा." मी नाही बघितलं. मी मागं वळून बघत होतो, अजून कोण हसतंय ते.

भोंगा झाला तेव्हा डाव अर्धाच होता. पट तसाच फळीवर उचलून ठेवला, उद्या पुढं खेळू म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्ही तापानं आला नाहीत. मग रजा, मग राजीनामा, मग गारगोटीला गावाकडं. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचीच बातमी आली.

पुढं दोन हजार सालानंतर कधीतरी रद्दीच्या दुकानात बुद्धिबळाचं एक पुस्तक मिळालं. इंग्रजी मला बेताचंच, पण चालींची अक्षरं आणि आकडे जुळवत पट मांडत गेलो. एका संध्याकाळी हात थांबला. तीच सुरुवात, तोच घोडा, नववी चाल, परत घरात. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग बसून नीट बघितलं. तो घोडा आपल्याच उंटाच्या आडवा बसला होता, मागच्या प्याद्यालाही हलू देत नव्हता. घरी जाऊन तो पुढच्या चालीला वजिरासमोर येतो. तिथूनही मधल्या प्याद्याला तोच आधार देतो, आणि उंट, प्यादं दोघंही मोकळे. दोन चाली गेल्या खऱ्या, पण सगळं घर श्वास घ्यायला लागलं. लेथवर माप घ्यायला मी रोज टूल मागं घेत होतो, मिस्त्री. तेव्हा मला कुणी दमला म्हणालं नाही. पटावर मात्र घोडा म्हणजे उड्या मारत पुढंच जायचा, एवढंच मला ठाऊक.

फळीवरचा तो डाव मला आठवत होता, तसाच मांडून मी पुढं खेळून बघितला. पाच वेळा. तुमची बाजू पाचही वेळा जिंकली.

गारगोटीच्या घरी तुमचा मुलगा राहतो, पत्ता माझ्याकडं आहे. पण हे पत्र पाठवणार नाही. कारण तुम्ही रजेवर गेलात त्याच आठवड्यात मी कारखान्यात सांगितलं होतं, की तुम्ही हार मानलीत, डाव मी जिंकलो. परवा पॉलिशवाला भाजी मंडईत भेटला. आता त्यालाही नीट दिसत नाही. माझा हात धरून म्हणाला, "मिस्त्रीला हरवणारा तू एकटाच गड्या!"

मी व्हय म्हणालो.